चौदा कॅमेरे, चार रोल

पत्र

दीड वर्षापूर्वी मामांच्या कपाटात खिशात मावणारा एक जुना रोलचा कॅमेरा सापडला आणि तेव्हापासून मला या कॅमेऱ्यांचे वेड लागले. वापरलेले कॅमेरे स्वस्तात मिळतात म्हणून एकेक करत आज चौदा जमले आहेत. त्यांत एक ऑलिंपस ट्रिप ३५, एक ऑलिंपस एक्सए२ आणि एक निकॉन एल३५एएफ आहे. बाकीचे बहुतेक झूमवाले आहेत. पाच बंद निघाले आणि आणखी तिघांविषयी मला शंका आहे. आजवर चारच रोल काढून झाले. शेवटच्या रोलमधल्या ३६ फोटोंपैकी जेमतेम नऊ बरे आले. दोघी बहिणींच्या फोटोत मागचे झाड स्वच्छ आणि चेहरे पुसट, रात्रीच्या समारंभाचे फोटो अंधारात बुडालेले, काही फोटोंच्या कडेला नारिंगी पट्टा. त्याआधीचा एक रोल तर पूर्ण कोरा आला. आई रोज विचारते, "चौदा कॅमेऱ्यांतून फोटो किती निघाले?" हे सगळे विकून एकच नावाजलेला महागडा कॅमेरा घ्यावा का? आणि यापुढे घेताना फसगत कशी टाळावी?

ता. क. मामा आता नाहीत. त्यांच्या कॅमेऱ्यात अजून रोल आहे आणि आकडा १९ दाखवतो. उघडायचा धीर होत नाही.

— एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत नेमका प्रश्न तुमच्या आईंनी विचारला आहे, म्हणून हिशेबाला तिथूनच बसू. चौदा कॅमेरे आणि चार रोल, म्हणजे निदान दहा कॅमेऱ्यांनी तुमच्या घरी आल्यापासून फिल्मचे तोंडही पाहिलेले नाही. ज्या कॅमेऱ्यातून रोल गेलेला नाही तो चालू आहे की बंद, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. मोटार घुरघुरते आणि फ्लॅशचा दिवा लागतो एवढ्यावर विकणारा त्याला चालू म्हणतो, आणि घेणाऱ्यालाही तेच ऐकायचे असते. या छंदाची गोम अशी की कॅमेरा एकदाच घ्यावा लागतो आणि तोही स्वस्त असतो, परंतु रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग यांचे पैसे दर वेळी नव्याने मोजावे लागतात आणि दोन-चार रोलांतच तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला मागे टाकतो. त्यामुळे कॅमेरा घेताना सैल असलेला हात रोल घालताना आखडतो. माझे स्वतःचेही काही वर्षे हेच झाले होते. आता मी एक शिस्त पाळतो: कॅमेरा घरात आला की त्याच आठवड्यात त्यात ताजा रोल घालायचा, तो महिन्याभरात संपवायचा आणि धुऊन येईपर्यंत दुसऱ्या कॅमेऱ्याकडे ढुंकून पाहायचे नाही. रोल ताजाच हवा, कारण मुदत उलटून गेलेल्या फिल्मवर कॅमेऱ्याची परीक्षा घेतली तर फोटो फिके आल्यावर दोष कोणाचा हे शेवटपर्यंत कळत नाही.

आता बिघडलेल्या फोटोंकडे वळतो. त्यांतला निम्मा दोष तरी कॅमेऱ्यांचा नसावा असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

बहिणींचा फोटो घ्या. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ, १९७७ साली आला. १९७९ साली कॅननने एएफ३५एम काढला, जो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण समोर सोडतो, तो आदळून परत कोणत्या कोनातून येतो हे पाहतो आणि त्यावरून अंतर ठरवतो. पुढच्या काळातल्या असंख्य स्वस्त कॅमेऱ्यांनी हीच युक्ती उचलली. हा किरण फक्त चौकटीच्या मध्यावरच्या लहानशा जागेतून जातो. दोघी बहिणी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या, मध्ये वीतभर जागा राहिली आणि किरण नेमका त्या फटीतून मागच्या झाडावर जाऊन आदळला. कॅमेऱ्याने आपले काम चोख केले आणि झाड स्वच्छ आले. यावरचा उपाय तुमच्या बोटात आहे. व्ह्यूफाइंडरमधली मधली खूण आधी एकीच्या चेहऱ्यावर आणावी, बटण अर्धवट दाबून तसेच धरावे, मग कॅमेरा हलवून दोघींना चौकटीत बसवावे आणि बटण पूर्ण दाबावे. बटण एका दमात दाबण्याची मोबाइलची सवय इथे नडते. अर्धे दाबल्याचा टप्पा बोटाला कळेपर्यंत रिकाम्या कॅमेऱ्यावर दहा-वीस वेळा सराव करा, त्याला पैसे पडत नाहीत. याच कारणाने बंद खिडकीच्या काचेतून काढलेले डोंगरही पुसट येऊ शकतात: किरण काचेवरूनच परततो आणि कॅमेऱ्याला समोर हातभर अंतरावर काहीतरी आहे असे वाटते. कॅमेऱ्यावर डोंगराचे चित्र असलेले बटण असेल तर ते अशा वेळेसाठीच असते.

रात्रीच्या फोटोंचे गणित आणखी सरळ आहे. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश इवलासा असतो. समजा त्याचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, मीटरमध्ये साडेदहा आहे आणि लेन्सचे तोंड जास्तीत जास्त एफ ३.५ इतके उघडते (एफचा आकडा जितका मोठा तितके तोंड लहान). भागाकार केला की १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) फिल्मवर त्याचा उजेड तीन मीटरपर्यंत पुरतो आणि ४०० आयएसओच्या फिल्मवर सहा मीटरपर्यंत. म्हणजे दालनाच्या टोकाला उभे राहून व्यासपीठाचा फोटो काढला तर अंधारच येणार, मग कॅमेरा कितीही चांगला असो. झूमवाल्यांची स्थिती याहून वाईट, कारण झूम पूर्ण बाहेर काढली की त्यांच्यापैकी बऱ्याच लेन्सचे तोंड एफ ८ ते एफ ११ इतके लहान होऊन बसते. फ्लॅशचा पल्ला आटतो आणि दिवसाउजेडीही शटर इतका वेळ उघडे राहते की हाताच्या थरथरीने फोटो हलतो. लांबचे जवळ आणण्याचा मोह सोडा आणि चार पावले चालत पुढे जा. रोजच्या वापराला सरसकट ४०० आयएसओची रंगीत निगेटिव्ह फिल्म घ्या, असे मी कोणालाही सांगतो. रंगीत निगेटिव्हला थोडा जास्तीचा प्रकाश सहज पचतो, कमी पडलेला मात्र पचत नाही.

फिल्मचा आयएसओ कॅमेऱ्याला कळतो तो डबीवरच्या चकचकीत आणि काळ्या चौकोनांवरून. कोडॅकने १९८३ साली आणलेली ही डीएक्स खूण कॅमेऱ्याच्या आतल्या धातूच्या पिना वाचतात. त्या पिना मळल्या असतील तर कॅमेरा चुकीचा आयएसओ धरतो, म्हणून रोल घालण्याआधी त्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. तुमच्या निकॉनचे मात्र वेगळे आहे. एल३५एएफ त्याच १९८३ सालचा, आणि त्याच्या मूळ आवृत्तीत आयएसओ लेन्सभोवतीच्या कड्यावर हाताने लावावा लागतो. आधीच्या मालकाने लावलेला आकडा तसाच राहून अख्खा रोल बिघडल्याचे मी पाहिले आहे; तो रोल माझाच होता.

नारिंगी पट्टा ही मात्र कॅमेऱ्याचीच तक्रार आहे, आणि तिचा रंगच तिचा पत्ता सांगतो. रंगीत फिल्मच्या थरांपैकी लाल प्रकाश टिपणारा थर सर्वांत खाली, फिल्मच्या पाठीकडे असतो. मागच्या झाकणाच्या फटीतून शिरलेला प्रकाश पाठीकडूनच येतो, आधी त्या थराला गाठतो आणि फोटोत लाल-नारिंगी डाग उमटतो. झाकण उघडून बिजागरीजवळची आणि रोल दिसण्यासाठी ठेवलेल्या खिडकीभोवतीची स्पंजची पट्टी नखाने चाचपून पाहा. जुना स्पंज डांबरासारखा चिकट होऊन बोटाला लागत असेल तर चोर सापडला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढावा, काडीने खाचा साफ कराव्यात आणि नवी काळी स्पंजपट्टी चिकटवावी; अरुंद खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवला तरी काम भागते. तोपर्यंत झाकणाच्या कडांवर वीजकामाची काळी चिकटपट्टी लावा. दिसायला वाईट दिसते, पण प्रकाश अडतो.

कोरा आलेला रोल फेकला नसेल तर तो उजेडासमोर धरून त्याच्या काठाकडे पाहा. फिल्मच्या काठावर कंपनीचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात आणि धुतल्यावर उमटतात. ते आकडे स्पष्ट असतील आणि मधला भाग रिकामा असेल तर धुलाई नीट झाली आहे. फिल्मवर प्रकाश पडलाच नाही. बहुतेक वेळा असे होते ते फिल्मचे टोक चकरीत न अडकल्यामुळे: आकडा पुढे सरकत राहतो आणि फिल्म जागची हलत नाही. रोल मागे गुंडाळायची फिरकी असलेल्या कॅमेऱ्यात, म्हणजे तुमच्या ट्रिप आणि एक्सए२मध्ये, फिल्म पुढे सरकवताना ती फिरकीही उलट फिरली पाहिजे. ती स्थिर राहिली तर तिथेच थांबावे. काठाचे आकडेही उमटले नसतील तर दोष धुलाईचा, आणि सबंध फिल्म काळी असेल तर तिला कुठेतरी उघड्यावर प्रकाश लागला आहे.

आता बंद आणि संशयित कॅमेऱ्यांविषयी. बंद असलेल्या पाचांना मृत ठरवण्याआधी सेलचे कप्पे उघडा. जुने सेल आत राहून फुटले असतील तर पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. व्हिनेगरात जेमतेम ओला केलेला कापूस फिरवून ती काढावी, मग अल्कोहोलने पुसून कोरडे करावे आणि नवा सेल घालून पाहावे. सीआर१२३ए आणि सीआर२ हे ३ व्होल्टचे सेल कॅमेऱ्याची मोटार एका झटक्यात बरीच वीज ओढत असल्याने थोडे उतरले तरी कॅमेरा गप्प बसतो. दुसऱ्या उपकरणातून काढलेला अर्धामुर्धा सेल घालून निकाल देऊ नये. संशयित तिघांपैकी एखादा निव्वळ प्लॅस्टिकचा, फोकस ठरलेला साधा कॅमेरा असेल तर तो कदाचित धडधाकटच असेल. या प्रकारात शटर ताणले जाते ते फिल्मच्या भोकांत अडकणारे दातेरी चाक फिरल्यामुळे. फिल्मच नसेल तर चाक फिरत नाही आणि बटण दाबून काहीच होत नाही. झाकण उघडून ते चाक अंगठ्याने पुढे ढकला आणि मग बटण दाबा. असे कितीतरी कॅमेरे मोडले समजून कचऱ्यात गेले असतील.

एवढे करूनही जे उठणार नाहीत त्यांचे स्क्रू उघडू नका, ही विनंती आहे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये साधारण ३०० व्होल्टचा भार साठतो आणि सेल काढल्यानंतरही बराच काळ टिकून राहू शकतो. माझ्या एका पेचकसाचे टोक या कुतूहलापायी काळे पडले आहे आणि त्या दुपारी माझा हात बराच वेळ मुंग्या आल्यासारखा राहिला होता.

हीच पाहणी विकत घेताना करायची. सेल सोबत न्यावेत. कॅमेऱ्याचे झाकण उघडून मागून उजेडाकडे पाहत बटण दाबावे, म्हणजे शटर उघडताना प्रकाशाचा ठिपका दिसतो. लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरका टाकून पाहावे. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे आणि तो कॅमेरा जिथे आहे तिथेच ठेवावा, कारण आपल्या कपाटात शेजारच्या लेन्सलाही तिची लागण होण्याची भीती असते. तारीख छापणाऱ्या कॅमेऱ्यात चालू वर्ष लावता आले नाही तर तो बिघाड समजू नये. त्यांपैकी काहींचे कॅलेंडर २०१९लाच संपते. ट्रिप ३५ची परीक्षा मला सर्वांत आवडते. १९६७ ते १९८४ या काळात बनलेल्या या कॅमेऱ्याला सेलच लागत नाही. लेन्सभोवतीच्या खवलेदार काचेमागचा सेलेनियमचा थर प्रकाशावरच चालतो. कडे 'ए'वर ठेवावे, लेन्स तळहाताने पूर्ण झाकावी आणि बटण दाबावे. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल जीभ वर आली आणि बटण अडले, तर प्रकाशमापक जिवंत आहे. अंधारातही शटर खुशाल उडाले तर तो मेलेला आहे, मग विकणारा काहीही म्हणो. तुमच्या ट्रिपवर हे आजच करून पाहा.

आता महागड्या कॅमेऱ्याविषयी. काँटॅक्स टी२, यशिका टी४, ऑलिंपस म्यू टू ही नावे उगीच झालेली नाहीत. पहिल्याची झाइस सोनार लेन्स ३८ मिमी आणि एफ २.८ची, दुसऱ्याची टेसार ३५ मिमी आणि एफ ३.५ची, आणि १९९७ सालच्या म्यू टूची एफ २.८ची लेन्स खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात खरोखरच उत्तम आहे. परंतु आज त्यांच्या किमतीत लेन्सइतकाच वाटा नावाचा आहे, आणि त्यांच्या आतली विजेची सर्किटपट्टी तुमच्या स्वस्त कॅमेऱ्यांइतकीच म्हातारी झाली आहे. काँटॅक्स बनवणाऱ्या क्योसेराने २००५ सालीच तो व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. सुटा भाग मिळायचा तर दुसरा काँटॅक्स मोडावा लागतो. चौदा स्वस्त कॅमेऱ्यांपैकी एक बंद पडला तर वाईट वाटते, तेवढ्याच पैशांचा एकुलता एक बंद पडला तर छंदच मोडतो. शिवाय ज्या हाताने बहिणींऐवजी झाड टिपले त्याच हाताने काँटॅक्सही झाडच टिपेल. हे बोलणे थोडे कठोर झाले, पण विकून टाकण्याच्या विचारामागे नव्या कॅमेऱ्याने फोटो सुधारतील ही आशा मला दिसली, म्हणून बोललो.

आणि तसेही तुमच्याकडे काय आहे ते पाहा. निकॉनची ३५ मिमी एफ २.८ लेन्स स्वतःच कौतुकाचा विषय आहे, त्याला साधे पेन्सिल सेल चालतात, आणि नको तेव्हा उसळणारा त्याचा फ्लॅश बोटाने दाबून धरता येतो. एक्सए२मध्ये जवळ, मध्यम आणि दूर अशा तीनच जागा आहेत आणि झाकण सरकवून बंद केले की तो आपोआप मधल्या जागेवर येतो, हे एकदा ध्यानात ठेवले की त्याच्याइतका चटपटीत कॅमेरा क्वचितच सापडेल. ट्रिपमध्ये मोटार नाही, सेल नाही, शटरचे वेगही दोनच आहेत, सेकंदाचा चाळिसावा आणि दोनशेवा भाग. बिघडायला फारसे काही नाही. पुढचे सहा रोल या तिघांतच घाला, प्रत्येकात दोन. झूमवाल्यांपैकी जो हातात सर्वांत सहज बसतो तो एक ठेवा, चालू असलेले उरलेले वाटून टाका किंवा विका, आणि त्यांच्या दोषांसकट विका. तुम्हाला ज्यांनी फसवले त्यांच्या पंक्तीला बसू नका.

राहिला मामांचा कॅमेरा. झाकण उघडले नाही हे फार चांगले केले, अजूनही उघडू नका. उरलेले फोटो काढून रोल संपवण्याचा विचारही नको. इतक्या जुन्या फिल्मवर आजचे फोटो धड येणार नाहीत आणि ओढाताणीत ती फाटण्याची शक्यता आहे. फिरकीचा कॅमेरा असेल तर तळाचे लहान बटण दाबून फिरकी बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. आधी ओढ लागेल, मग टोक सुटल्याचा बारीक आवाज येऊन फिरकी एकदम हलकी होईल, त्यानंतरच झाकण उघडा. मोटारीचा असेल तर नवा सेल घाला आणि खोलगट जागेतले गुंडाळण्याचे बटण पेनाच्या बोथट टोकाने दाबा. काही कॅमेरे रोल घालताच सगळी फिल्म बाहेर ओढून घेतात आणि प्रत्येक फोटोनंतर ती डबीत परत घेतात. त्यांत १९ हा आकडा उरलेल्या फोटोंचा असतो, काढलेल्यांचा नाही. मोटार गप्पच राहिली तर पूर्ण अंधाऱ्या खोलीत, दाराच्या फटीसुद्धा बुजवून, झाकण उघडा आणि फिल्म हाताने डबीत गुंडाळा, किंवा प्रयोगशाळेला कॅमेराच द्या, त्यांच्याकडे त्यासाठी काळी पिशवी असते.

डबीवर सी-४१ लिहिले असेल तर रंगीत निगेटिव्ह धुणारी कोणतीही प्रयोगशाळा ती घेईल. कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म, असेल तर ती रंगीत धुणारी शेवटची प्रयोगशाळा २०१०च्या अखेरीस रोल घ्यायची थांबली. आता त्यातून कृष्णधवल प्रतिमाच काढता येते, आणि ते काम जाणणाऱ्याकडेच द्यावे. देताना फिल्म जुनी असून फोटो बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेले आहेत हे लिहून द्या, आणि काही दिसले नाही तरी निगेटिव्ह परत हवी हेही लिहा, कारण नुसत्या डोळ्यांना रिकामी वाटणारी फिकट फ्रेम स्कॅनमध्ये कधीकधी उमटते. रंग उडालेले असतील, दाणे मोठे दिसतील, काही फ्रेम हाती लागणारही नाहीत. ज्या लागतील त्या आईंसमोर ठेवा. भावाने कोणाला कुठे उभे करून टिपले आहे हे त्याच सांगू शकतील, आणि ती नावे त्याच बैठकीत निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून काढा.